‘एक जण राबतो, बाकीचे मार्क घेतात’, म्हणून टीम प्रोजेक्टच बंद करायचे?

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांमध्ये एक मजकूर सध्या फार फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: टीम प्रोजेक्टमध्ये एक जण राबतो आणि बाकीच्यांना आयते मार्क मिळतात. कंपनीत असं खपवून घेत नाहीत. तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र प्रोजेक्ट द्या आणि टीम ठेवायचीच असेल, तर गिटवरच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनावरच्या, कमिट (कोण काय बदललं याच्या नोंदी) मोजून मार्क द्या. मी बरीच वर्षं अशा टीमना मार्गदर्शन करते आहे. या मजकुरामागचा राग मला पटतो, उपाय मात्र एकही पटत नाही.

आयते मार्क मिळतात, हे खरंच आहे. माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांतून १९१३ साली मांडलं होतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. विल्यम्स, हार्किन्स आणि लताने यांनी १९८१ साली गटाने ओरडण्याचा प्रयोग केला. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळताच लोकांची ढिलाई गेली. गट तोच होता, फक्त कोण किती करतंय हे आता झाकलेलं नव्हतं. म्हणजे दुरुस्ती मार्क देण्याच्या पद्धतीत व्हायला हवी.

मग कमिट मोजा, असं म्हणणाऱ्यांना एक प्रसंग सांगते. एका टीमकडे वाचनालयाचं सॉफ्टवेअर होतं. पुस्तक परत करायची तारीख एकाने ‘०५-०३’ अशी पाठवली, आधी दिवस, मग महिना. दंड काढणारा भाग दुसऱ्याने लिहिला होता आणि त्याने आधी महिना धरला. दोघांच्याही टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) हिरव्या, म्हणजे पास, कारण दोघांनी टेस्टही आपापल्या समजुतीने लिहिल्या होत्या. एकत्र चालवल्यावर पाच मार्चची मुदत तीन मे झाली आणि जवळजवळ दोन महिने दंड शून्यच येत राहिला असता. तिसऱ्या मुलीने दोघांचा कोड शेजारी शेजारी उघडून वाचला, तेव्हा ते सापडलं. तिच्या नावावर त्या दिवशी कमिट एक, बदललेली ओळ एक. त्याच दिवशी चौथ्याने मोकळ्या जागा आणि नावं नीट करत कमिटची रांग लावली होती. मोजणीने मार्क कुणाला दिले असते? शिवाय दोघं एकाच मशीनवर बसून लिहितात तेव्हा कमिट बहुतेक वेळा एकाच्याच नावावर पडते आणि स्क्वॉश करून मर्ज केलं, म्हणजे सगळे बदल एकत्र दाबून मुख्य कोडमध्ये मिसळले, की आठवड्याभराच्या कमिटची एकच कमिट होते.

स्वतंत्र प्रोजेक्टवरचा माझा आक्षेपही याच तारखेत आहे. एकट्याच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक बहुधा झालीच नसती, कारण दोन्ही समजुती एकाच डोक्यात असतात. एकट्याने प्रोग्रामिंग उत्तम शिकता येतं. पण दुसऱ्याने काय गृहीत धरलंय हे विचारायची, लिहून ठेवायची, तपासायची सवय एकट्याला कुठून लागणार? १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावलं गेलं, ते अशाच गफलतीत. एका बाजूच्या सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-सेकंदांत दिले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद म्हणून वाचले.

कंपनीची तुलना तर मला अपुरीच वाटते. तिथे माणसं दिवसभर त्याच कामावर असतात, इथे प्रत्येकाच्या डोक्यावर आणखी चार-पाच विषय असतात. म्हणून टीम लहान ठेवावी, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. चौघांमध्ये बोलायच्या जोड्या सहा होतात, आठ जणांमध्ये अठ्ठावीस.

त्या मजकुरात न आलेली एक गोष्ट आहे. तो ‘राबणारा एक’ कधीकधी दुसऱ्यांना राबू देत नाही. कुणीतरी अडखळत लॉगिनचा भाग लिहितो, हा रात्री बसून तो सगळा पुसतो आणि स्वतःच्या पद्धतीने लिहून काढतो. सकाळी त्या मुलाला आपली एकही ओळ सापडत नाही. पुढच्या आठवड्यात तो काही लिहीतच नाही आणि मग कामचुकार म्हणून त्याचंच नाव होतं. दोघांवरही अन्याय होतो आणि दोघांनाही तो दिसत नाही.

म्हणून मी तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने लिहिलेला भाग समजावून सांगायला लावते. सहकाऱ्यांचं गोपनीय मूल्यमापन अगदी शेवटी न घेता तिसऱ्या आठवड्यातच एकदा घेते, म्हणजे सुधारायला वेळ उरतो. आणि असा राबणारा दिसला, की त्याला सांगते: दोन आठवडे तू एक ओळही लिहायची नाहीस, फक्त इतरांचा कोड वाचून शेरे द्यायचे. एकाला हे फार लागलं होतं. पहिल्या दिवशी एका मुलाच्या कोडवर त्याचा शेरा होता, ‘हे चुकीचं आहे.’ दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलाच्या कोडवर त्याने लिहिलं, ‘पासवर्ड रिकामा आला तर इथे काय होईल? तुझ्या मनात काय होतं?’ उत्तर तासाभरात आलं, सोबत दुरुस्त केलेला कोडही.