नग दोन

रविवारी सकाळी एकवीस इंची टीव्ही पोटाशी धरून मी तीन जिने उतरलो आणि कोथरूडमध्ये ई-कचरा गोळा करतात त्या रांगेत उभा राहिलो. पुढे एक काका. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात दोन पेन्सिल सेल.

"कधीचा हो?" काकांनी माझ्या टीव्हीला टिचकी मारली.

"अठ्ठ्याण्णवचा."

"मग टाकताय कशाला? आमचा एशियाडचा आहे. १९८२. रंगीत!"

"अजून चालतो?"

"आवाज खणखणीत. चित्र नाही."

"मग बघता काय?"

"समोरच्यांचा दिसतो ना खिडकीतून. फक्त सातला ते बातम्या लावत नाहीत, मग फोन करावा लागतो."

एवढ्यात त्यांचा नंबर आला. "पावती द्या. मागच्या वेळी तोंडी घेतलंत."

"काका, दोन सेल आहेत," टेबलावरचा मुलगा म्हणाला.

"म्हणूनच. दहा असते तर विश्वास ठेवला असता."

मुलगा पावती शोधायला लागला, तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली. "पिक्चर ट्यूबवाला? तो नाही घेत. मोबाईल, चार्जर, लॅपटॉप असेल तर द्या."

ट्यूबच्या काचेत शिसं असतं. नव्या टीव्हीत ती काच लागत नाही, म्हणून ती कुणालाच नको. थोडक्यात, ज्यात विकण्यासारखं काही आहे तेवढाच कचरा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत ही जबाबदारी उत्पादकाची आहे म्हणे. माझ्या टीव्हीचा उत्पादक टीव्हीच्या आधी गेला. भंगारवाला मात्र शंभर रुपये द्यायला एका पायावर तयार आहे. तो ट्यूबच्या मानेवरची तांब्याची कॉइल उपटणार आणि काच देणार नाल्यात फेकून. हे ठाऊक नसतं तर आज मी सुखाने लोळत पेपर वाचत असतो. कंबर गेली ती वेगळीच.

टीव्ही पुन्हा उचलला. काका मागून धावत आले.

"अहो, याचा रिमोट?"

"आहे खिशात. हवाय?"

"छे! आमच्या टीव्हीला कुठला रिमोट? त्यातले सेल द्या."

दिले. मैदानाच्या फाटकापर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता : "खाडाखोड नको, नवीन फाड. नग चार!"