फीत कापून झाली, किल्ली कोणाकडे?

दादानं पाठवलेले फोटो पाहून डोकं फिरलं. आमच्या तालुक्याच्या गावात एका जुन्या गोदामाला रंग मारून आदिवासी कलादालन उघडलंय आणि त्यावरून गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, रस्ता नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही अन् ही थेरं कशाला. दुसरा म्हणतो, गडचिरोलीची मान उंचावली. दादा दुसऱ्या तटात, कारण तो समितीवर आहे. मला राग आला तो दोघांचाही. ज्यांच्या वस्तू आत मांडल्यात, ते या भांडणात कुठंच नाहीत.

फोटोत पुढच्या रांगेत पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, त्यावर साहेबलोक. रेला नाचायला आणलेल्या पोरी दाराशी उन्हात, टेम्पोची वाट पाहत. भिंतीवर वारली! डहाणूकडची, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची. पण सरकारी भिंतीवर आदिवासी काढायचे म्हटलं की तीच त्रिकोणी माणसं. आत 'गोंड चित्र' म्हणून जे टांगलंय ते मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान गोंडांच्या शैलीचं, जनगढसिंह श्याम यांनी जिला जगभर नाव मिळवून दिलं ती. सुंदरच आहे, वाद नाही. पण आमचे गडचिरोलीचे माडिया गोंड कुठं? ते कोपऱ्यात. बांबूची एक टोपली आणि खाली कार्ड, 'आदिवासी टोपली'. विणणारीचं नाव नाही, गाव नाही. शेजारी कोरीव लाकडी खांब. असे खांब माडिया लोक मेलेल्या माणसाच्या आठवणीत उभे करतात. हा कोणाचा, कोणाला विचारून आणला, असं दादाला विचारलं. "नवीन बनवून घेतला गा, शोसाठी," म्हणाला.

मी ऑस्ट्रेलियात शेपर्टनला राहतो, डेअरीत नोकरी. रविवारी पोरीला घेऊन तळ्याकाठच्या सॅमला, म्हणजे इथल्या कलासंग्रहालयात, जातो, कारण तिथं एसी आहे आणि तिकीट नाही. २०२१ मध्ये सॅमची ही नवी इमारत झाली. कायला आर्ट्स तिच्यातच आहे, इथल्या आदिवासींचं स्वतःचं केंद्र. चित्राखालच्या कार्डावर आधी चित्रकाराचं नाव, मग त्याची जमात. शिवाय हजार डॉलर किंवा त्याहून महाग चित्र पुन्हा विकलं गेलं, की बहुतेक वेळा पाच टक्के चित्रकाराला द्यावे लागतात. २०१० पासून तसा कायदाच आहे. हे सगळं मी दादाला जरा तोऱ्यातच ऐकवलं.

दादा पेपर वाचतो. "तुमच्या तिथल्या लोकायनंच २०२३ ले त्यायले नाही म्हटलं ना? मंग आम्हाले काय शिकवून रायला?"

म्हटलंच. आदिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडायला एक मंडळ असावं का, यावर सार्वमत झालं, तेव्हा साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. आमच्या भागातल्या मूळच्या आदिवासींचा, योर्टा योर्टांचा, जमिनीचा दावाही इथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये फेटाळला. चित्रं टांगायची, जमीन द्यायची नाही, असं दादा म्हणतो. मी नागरिक नाही, मला मतदानाचा हक्क नव्हता, एवढंच मी म्हणू शकलो. याला काही उत्तर म्हणत नाहीत.

पण जमिनीचंच काढायचं तर मेंढा (लेखा) आपल्याच जिल्ह्यात आहे, धानोऱ्याजवळ. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावचे निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतात, बांबू गाव स्वतः विकतं. जंगलाचा हिशेब ठेवणाऱ्या लोकांना एका गोदामात काय टांगायचं हे कळणार नाही? खरं तर यासाठी ऑस्ट्रेलियाचा दाखला लागतच नाही, पण परदेशात राहिलं की जीभ तिकडंच वळते.

इथं शाळेच्या असेंब्लीतसुद्धा आधी म्हणतात की ही जमीन योर्टा योर्टांची. पोरीला ते तोंडपाठ आहे. सुरुवातीला मला ते ऐकून बरं वाटायचं. गोरे काय, मी काय, सगळेच पाहुणे! मग एकदा व्हिडिओ कॉलवर पोरीनं विचारलं, "आबाजी, तुमच्या शेताची जमीन कोणाची?" आबाजी हसले. "आपलीच न माय."

आमच्या बांधाला लागून गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. त्या पोरांच्या शेजारी मी शाळेत बसलो, मोहफुलं वेचायला त्यांच्या मागं फिरलो, पण त्यांच्या घरी कधी जेवलो नाही. आमचं शेत आजोबांच्या आधी कोणाचं होतं, हा विषय आमच्या ओसरीवर कधी निघालाच नाही. शेपर्टनला मी पाहुणा आहे हे मान्य करायला मला काहीच जड जात नाही. गावाकडं तेच मान्य करायचं म्हटलं की मी दादाच्याच बाजूला जाऊन बसतो.

परवा पुन्हा फोनवर जुंपली. समितीत टोल्यावरचे किती, विचारलं. एकही नाही. "तूच ये न मंग, तुयं नाव टाकतो." माझं कशाला, मी काय माडिया आहे? त्यांच्यातले चार घ्या, एक बाई तरी घ्या, आणि दालनाची किल्ली त्यांच्याकडे द्या. "ते येत नाहीत गा. मीटिंग अकरा वाजता राहते, त्यायची मजुरी बुडते." मग मीटिंग रात्री ठेवा. वडशाच्या नाटक कंपन्यांचा प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि अख्खा तालुका चादरी घेऊन बसतो. साहेबांना दोन तास जागायला काय होतं?