कहाबा बुडालं नाही, त्याचं दप्तर हललं

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या कहाबा या गावाची गोष्ट वरचेवर फिरत असते. थोडक्यात ती अशी: राज्याची पहिली राजधानी दोन नद्यांच्या संगमावर बांधली, १८२५ च्या पुरात विधानभवनात पाणी शिरलं, आमदार होडीतून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी आले आणि आत चढले, मग त्यांना शहाणपण सुचलं, राजधानी हलली आणि मागे भुताचं गाव उरलं. ऐकायला झकास. खिडकीतून चढणारे आमदार कुणाला आवडणार नाहीत? पण घासून पाहिलं की मुलामा उतरतो.

आधी ‘पहिली राजधानी’. राज्य होण्याआधी कारभार सेंट स्टीफन्समधून चालत असे. १८१९ साली घटना लिहिली गेली ती हंट्सविलमध्ये, आणि विधिमंडळाचं पहिलं अधिवेशनही तिथेच भरलं. कहाबा ही पहिली ‘कायमची’ राजधानी, १८२० पासून. या ‘कायमची’ला अवतरणचिन्हं मुद्दाम घातली आहेत, कारण खरी मेख तिथेच आहे.

गव्हर्नर विल्यम बिब यांना राजधानी कहाबालाच हवी होती, विरोधकांचा डोळा टस्कलूसावर होता. तडजोड झाली ती सरळ घटनेतच लिहिली गेली: हंट्सविलनंतरची अधिवेशनं कहाबात भरतील, पण १८२५ सालच्या अधिवेशनात विधिमंडळ राजधानीचं ठिकाण नव्यानं ठरवू शकेल, आणि त्याला गव्हर्नरची संमती लागणार नाही. म्हणजे गावात प्लॉट पाडले जात होते तेव्हाच त्याच्या बदलीचा कागद साल घालून तयार होता. सही तेवढी बाकी. त्यात १८२० मध्ये बिब घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीनं वारले आणि कहाबाचा वालीच गेला.

पूर येत नव्हते असं नाही. जागा सखल होती, पाणी चढायचं, गावाची हवा वाईट असा बोभाटाही होता. टस्कलूसावाल्यांनी त्याचा डंका पिटला, यात नवल नाही. पण १८२५ च्या एप्रिलमध्ये याच गावानं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या फ्रेंच सेनानी लाफायेतचं थाटात स्वागत केलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळ बसलं तेही कहाबातच. तिथे बसूनच जानेवारी १८२६ मध्ये टस्कलूसा ठरलं. पुढे १८४६ साली विधिमंडळानं टस्कलूसाकडूनही राजधानी काढून माँटगोमेरीला दिली. त्याचं खापर कुठल्या नदीवर फोडायचं?

दुसरा दावा, राजधानी गेली आणि गाव मेलं. बरीच माणसं उठून गेली, हे खरं. पण डॅलस काउंटीचं, म्हणजे भोवतालच्या प्रशासकीय विभागाचं, मुख्य ठिकाण कहाबाच राहिलं, आणखी ४० वर्षं. हे पद काय चीज आहे ते आपल्याकडे तालुक्याच्या गावाला विचारा. जमिनीचा दस्त तिथे, खटला तिथे, कर भरायचा तिथे. तारखेला आलेला माणूस वकिलाला भेटतो, खानावळीत जेवतो, बाजार करून परततो. कहाबा याच्यावर आणि कापसावर पुन्हा उभं राहिलं. नदीकाठच्या गोदामांतून कापूस आगबोटींवर चढून मोबील बंदराकडे जायचा. १८५० च्या दशकात तर गावाची चढती कमान होती. ती कुणाच्या पाठीवर उभी होती हेही सांगायला हवं: १८६० साली डॅलस काउंटीतले तीन चतुर्थांशाहून जास्त लोक गुलाम होते. होडीच्या गोष्टीत ते कुठेच नसतात.

दशक संपता संपता रेल्वेही आली. गावाला खरा फटका इथे बसला, आणि तो पाण्याचा नव्हता. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अलाबामा उत्तरेशी लढणाऱ्या दक्षिणेत होतं, आणि या दक्षिणेच्याच सरकारनं कहाबाचे रूळ उपटून दुसऱ्या, जास्त गरजेच्या मार्गासाठी नेले. रुळांलगतच्या अर्धवट बांधलेल्या कापसाच्या गोदामात १८६३ पासून उत्तरेचे युद्धकैदी कोंडले. छप्परसुद्धा पुरतं नव्हतं. (त्याच काळात अमेरिकन कापूस अडकल्यामुळे मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले होते, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो सगळा फुगा फुटला. कहाबाची रिकामी गोदामं आणि मुंबईची सट्टेबाजी या एकाच हिशेबाच्या दोन बाजू.)

१८६५ च्या सुरुवातीला मात्र खरंच मोठा पूर आला. कैदी थंड पाण्यात उभे होते. सुटका झाल्यावर त्यांतले बरेच जण ‘सुलताना’ या बोटीवर चढले, आणि २७ एप्रिलला मिसिसिपी नदीत मेम्फिसजवळ तिचे बॉयलर फुटले. कहाबाच्या पुराची गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगा. ती खिडकीतल्या आमदारांइतकी गमतीची नाही, म्हणून मागे पडते.

१८६६ मध्ये काउंटीचं ठाणं सेल्माला गेलं, जेमतेम १५ किलोमीटरवर. पुरामुळे गेलं असं म्हणणाऱ्यांनी सेल्माकडेही बघावं. वर्षभरापूर्वीच उत्तरेच्या फौजेनं सेल्मा घेऊन तिथला शस्त्रांचा कारखाना उद्ध्वस्त केला होता, शहराचा बराच भाग जळाला होता. तरी कचेरी तिकडेच गेली, कारण रेल्वे सेल्माकडे होती. न्यायालयामागून वकील आणि दुकानदार गेले, काहींनी तर घरंसुद्धा सुटी करून नेली. सेंट ल्यूक चर्च १८७८ मध्ये फळी फळी वेगळी करून दुसऱ्या वस्तीत नेऊन उभं केलं. हे एका रात्रीत झालेलं नाही. दहा-बारा वर्षं सामान बांधणं चाललं होतं.

उरला ‘भुताचं गाव’ हा शिक्का. गोरे मालक गेले तेव्हा गाव रिकामं नव्हतं. गुलामगिरीतून सुटलेली कुटुंबं तिथे राहिली, जुन्या प्लॉटांवर त्यांनी शेतं केली, आणि ओस पडलेल्या न्यायालयाच्या इमारतीत त्यांच्या राजकीय सभा भरू लागल्या. ज्यांच्या खरेदी-विक्रीचे दस्त काउंटीच्या दप्तरात लागायचे, ते आता तिथे मतांचं बोलत होते. शतक संपण्याआधी अशाच एका पूर्वीच्या गुलामानं गावठाणाचा बराचसा भाग ५०० डॉलरला विकत घेतला. त्यानं उरलेल्या इमारती पाडल्या आणि त्यांचा माल आगबोटीनं सेल्मा आणि मोबीलला पाठवला.