‘क्रोम चढवलेल्या होड्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या महिन्यात १९४९ च्या कॅडिलॅक या अमेरिकन गाडीवर लिहिलं, त्यावर एक निनावी प्रतिक्रिया आली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण तीन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. प्रतिक्रिया अशी:

“लेख छान रंगवलाय, पण या गाड्या म्हणजे क्रोम चढवलेल्या होड्या. क्रोमच्या खाली काही नाही. इंजिनिअरिंग बघायचं तर जर्मनीत बघा. दर वर्षी पत्रा बदलून तेच विकायचं हा यांचा धंदा. पेट्रोल पितात ते वेगळंच, आणि ब्रेक तर विचारूच नका. हायड्रामॅटिक आधी ओल्डस्मोबाइलला आला, कॅडिलॅकला नाही. आणि मिरजेत वाढलेल्या माणसाला डेट्रॉइटचे उमाळे यावेत, हे उसनं प्रेम आहे.”

प्रथम, आपलं जे बरोबर आहे ते. हायड्रामॅटिक हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्डस्मोबाइलमध्ये आधी आला, कॅडिलॅकला १९४१ मध्ये. माझी चूक झाली, मूळ लेखात दुरुस्त केली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ‘रंगवलाय’ या शब्दाबद्दल. मतभेद असावेत, मला ते आवडतात. इथे आठ वर्षं लिहितोय, कुणाची प्रतिक्रिया कधी उडवली नाही. पण ज्या लेखासाठी मी सहा आठवडे संध्याकाळी गॅरेजमध्ये बसलो, त्याला ‘रंगवलाय’ म्हणायचं आणि खाली स्वतःचं नावही लिहायचं नाही, ही बोलायची रीत झाली का? समोरासमोर बसून आपण हे असंच बोलला असता, असं मला वाटत नाही.

क्रोमच्या खाली काही नाही, म्हणता. चला, बॉनेट उघडू.

१९४८ पर्यंत कॅडिलॅकचं इंजिन जुन्या घडणीचं होतं: व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच. त्या रचनेत सिलिंडरमधला दाब फारसा वाढवता येत नाही, कारण ज्वलनाची जागा सिलिंडरच्या डोक्यावरून बाजूला पसरलेली असते. १९४९ साली एड कोल, जॉन गॉर्डन आणि हॅरी बार या इंजिनिअरांच्या हाताखालून नवं व्ही-८ बाहेर पडलं, म्हणजे ‘व्ही’च्या आकारात दोन ओळींत आठ सिलिंडर असलेलं इंजिन. व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये. ३३१ घनइंच, म्हणजे साधारण ५.४ लिटर. आधीच्या ३४६ घनइंची इंजिनापेक्षा आकाराने लहान, वजनाला नव्वदएक किलोने हलकं, आणि तरी ताकद १५० वरून १६० अश्वशक्तीवर गेलेली. पिस्टनच्या खालच्या घेराचे दोन्ही बाजूंचे भाग कापून टाकलेले, म्हणजे पिस्टन खाली उतरला की क्रँकशाफ्टच्या वजनांच्या मधोमध बसतो. त्यामुळे कनेक्टिंग रॉड आखूड झाला, रॉड आखूड म्हणून ब्लॉक ठेंगणा, ब्लॉक ठेंगणा म्हणून इंजिन हलकं. एका कापलेल्या कडेतून एवढं सगळं निघालं. पुढे जास्त ऑक्टेनचं, म्हणजे जास्त दाब सोसणारं पेट्रोल येणार, हे धरून या इंजिनात दाब वाढवायला जागा आधीच ठेवली होती. म्हणून तीच मूळ रचना वाढत वाढत १९५९ मध्ये ३९० घनइंच आणि ३२५ अश्वशक्तीपर्यंत पोचली. याला पत्रा बदलणं म्हणतात का?

आणि जर्मनी. त्याच १९४९ साली मर्सिडीझची पेट्रोलवरची १७० ही गाडी चार सिलिंडरची आणि बाजूला व्हॉल्व्ह असलेली होती. युद्धाने मोडलेला देश होता, त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी पुढे काय केलं ते जगाला माहीत आहे. पण ‘तिकडे बघा’ म्हणायच्या आधी कोणत्या सालाकडे बघायचं ते तरी सांगा. १९५० च्या ल मॉन्सला, फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत, ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतपटूने जवळजवळ शोरूममधून काढलेली कॅडिलॅक कूप उतरवली. चोवीस तास पळून ती दहावी आली. तिसरी आली ती इंग्रजांची अलार्ड, आणि तिच्या बॉनेटखाली कॅडिलॅकचंच इंजिन होतं. तुमची ‘होडी’ ती ही.

हायड्रामॅटिकचं साल तुम्ही बरोबर सांगितलंत, पण तो आतून कधी पाहिलाय? चार गिअर, क्लचचं पेडल नाही. एकामागे एक दोन प्लॅनेटरी संच, म्हणजे मधल्या दात्यांच्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात असे गिअर. पहिल्या गिअरला दोन्ही संच वेग कमी करतात. दुसऱ्याला पुढचा संच सरळ होतो, म्हणजे वेग न बदलता पुढे देतो, मागचा तसाच राहतो. तिसऱ्याला नेमकं उलट. चौथ्याला दोन्ही सरळ. म्हणजे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना पुढच्या संचाचा क्लच सुटून त्याचा बँड, म्हणजे भोवतीचा पट्टा, आवळायचा आणि मागच्या संचाचा बँड सुटून त्याचा क्लच धरायचा, चारही गोष्टी एकाच क्षणी. थोडं लवकर झालं तर झटका, थोडं उशिरा झालं तर इंजिन मोकळं सुटून भणभणतं. आणि हे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सशिवाय. गाडीच्या वेगाने वाढणारा एक तेलाचा दाब आणि तुमच्या पायाने वाढणारा दुसरा, दोघं एका व्हॉल्व्हच्या दोन टोकांना ढकलतात; जो जिंकेल त्याप्रमाणे गिअर पडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांच्यामागे दोन हायड्रामॅटिक होते. युद्धानंतर रोल्स-रॉइसने याच गिअरबॉक्सचा परवाना घेऊन तो आपल्या गाड्यांत बसवला. रोल्स-रॉइस काय क्रोमला भुलली?

माझ्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये इंजिन भणभणायचं. तीन वेळा गिअरबॉक्स खाली उतरवला. तिसऱ्या वेळी, थंडीत, पाठीखाली पुठ्ठा घालून, पुढच्या बँडचा ताण बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली ते मला कळलंच नाही. शेजारी बायको होती, मी तिला म्हटलं, गेली बघ. ती म्हणाली, काय गेली?

उसनं प्रेम म्हणता. माझे वडील मिरजेत एका छोट्या कारखान्यात टर्नर होते. आमच्याकडे गाडी नव्हती, सायकल होती. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन जायचो आणि लेथजवळ उभा राहायचो. कातलेला तुकडा ते आधी नखाने तपासायचे, मग मायक्रोमीटर लावायचे. १९८६ साली मिशिगनला आलो आणि तीस वर्षं ट्रान्समिशनच्या कामात काढली. त्या जुन्या हायड्रामॅटिकचं व्हॉल्व्हचं घर पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मीही आधी नखच फिरवलं. ते प्रेम मी कुणाकडून उसनं आणलेलं नाही, घरातून आणलंय. एकही बोल्ट न उघडता मला ते शिकवू नका.

बाकीच्या मुद्द्यांत मला दम दिसत नाही. दर वर्षी पत्रा बदलणं हे विक्री खात्याचं काम, इंजिनिअरिंगशी त्याचा संबंध नाही. पेट्रोलचा हिशोब त्या काळच्या भावाने करावा. ब्रेकबद्दल एवढंच, की मर्सिडीझच्या ३०० एसएललाही १९६१ पर्यंत ड्रम ब्रेकच होते.

ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिथे मी गाडी लावून बॉनेट उघडून बसतो. विशी-पंचविशीतली मुलं येतात, गाडीच्या मागच्या टोकाला उभ्या पत्र्याच्या पंखांचे फोटो काढतात आणि मग इंजिनाशी वाकून अर्धा अर्धा तास प्रश्न विचारतात. त्यांच्या कुणाच्या बालपणात ही गाडी नव्हती.

पुढचा लेख पॅकार्डच्या १९५५ च्या टॉर्शन बार सस्पेन्शनवर आहे. चूक दिसली तर जरूर दाखवा, दुरुस्त करीन. मात्र यापुढे खाली नाव असेल तरच उत्तर देईन.