‘एक सेटिंग बदलून ५०० रुपये घेतले’ या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट चालत नव्हते, मोबाईलवर मात्र त्याच राउटरच्या वायफायवर सगळे सुरळीत होते. आमचा सहकारी आला, दीड तास काळ्या स्क्रीनवर आकडे टाइप करत बसला आणि शेवटी एक सेटिंग बदलून ५०० रुपये घेऊन गेला. आपण लॅन कार्ड (इंटरनेटची केबल कॉम्प्युटरमध्ये ज्याला जोडतात तो भाग) बदलायला सांगितले होते ते त्याने बदलले नाही, विंडोजही नव्याने टाकले नाही. आणि चार दिवसांनी इंटरनेट पुन्हा बंद पडले तेव्हा कंपनीला फोन करायला सांगून आम्ही हात झटकले, असे आपले म्हणणे आहे. मुलीचा अभियांत्रिकी प्रवेशाचा पर्याय अर्ज त्याच आठवड्यात भरायचा होता, हेही आपण लिहिले आहे. अशा वेळी घरातल्या माणसांचा जीव कसा टांगणीला लागतो हे आम्ही दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत पाहतो, म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

कार्ड खराब आहे असे आपल्याला वाटले, त्याला कारण होते. मोबाईल यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून पाहिल्यावर इंटरनेट लगेच सुरू झाले, तेव्हा लॅनची वाट बंद आणि मोबाईलची वाट चालू, म्हणजे दोष कार्डातच, असा अंदाज कोणीही बांधला असता. सहकाऱ्यानेही तो मोडीत काढला नाही, तो तपासला. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो आणि तो साधारणपणे राउटर देतो. राउटरशी संपर्कच होत नसेल, तर स्वयंचलित पत्त्यावर ठेवलेले विंडोज बहुधा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपला आपणच घेते. तसे दिसले असते तर केबल, तिची टोके, राउटरचे पोर्ट आणि कार्ड यांच्यावर संशय घेणे रास्त होते. आपल्या कॉम्प्युटरला मात्र राउटरनेच दिलेला, १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला होता. त्यानंतर त्याने राउटरला पिंग केले, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहिले, आणि उत्तर आले. मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला पिंग केले, तेव्हा चारपैकी चारही उत्तरे परत आली. ही उत्तरे त्याच लॅन कार्डातून, त्याच केबलमधून आणि त्याच राउटरमधून बाहेर जाऊन परत आलेली होती, आणि त्या वेळी मोबाईलची यूएसबी केबल काढून ठेवलेली होती. स्क्रीनवर त्या चार ओळी दिसल्यावर कार्ड बदलायचे कारण उरले नाही.

बंद होते ते नावावरून पत्ता शोधण्याचे काम. आपण ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण कॉम्प्युटरला त्या नावामागचा आकडी पत्ता लागतो आणि तो त्याला डीएनएस सर्व्हरकडून विचारून घ्यावा लागतो. साधारणपणे कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचे हे राउटरच सांगतो. आपल्या कॉम्प्युटरमध्ये मात्र पूर्वीच्या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचे दोन पत्ते हाताने भरून ठेवलेले होते. जोडणी करून देताना असे पत्ते भरून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती आणि ती कंपनी असेपर्यंत त्याचा काही त्रास होत नाही. आपण कंपनी बदललीत, जुने पत्ते तसेच राहिले. अनेक कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात, त्यामुळे आपला कॉम्प्युटर विचारत राहिला आणि तिकडून काहीच येईना. मोबाईल राउटरने सांगितलेला सर्व्हर वापरत होता, म्हणून तो चालत होता.

कार्ड बदलले असते तरी इंटरनेट सुरू झालेच असते, ही गोष्ट आपल्याला मुद्दाम सांगायची आहे. विंडोज डीएनएसचे पत्ते प्रत्येक कार्डासाठी वेगळे लिहून ठेवते, त्यामुळे नव्या कार्डाने कोऱ्या सेटिंगने सुरुवात केली असती आणि राउटरचे ऐकले असते. मोबाईल यूएसबीने जोडल्यावर विंडोजने त्याला वेगळे कार्ड मानले, म्हणून नेमके हेच घडले होते. विंडोज नव्याने टाकल्यानेही तेच झाले असते. दोन्ही वेळा आपण समाधानाने पैसे दिले असते, जुने कार्डच खराब होते असा समज कायम राहिला असता आणि आमचे बिल ५०० रुपयांच्या दुपटीहून अधिक झाले असते. चांगले कार्ड खराब म्हणून काढून देणे आमच्या दुकानात चालत नाही, आणि ग्राहकाने स्वतः सांगितले तरी ते करू नये असेच मी माझ्या सहकाऱ्यांना सांगतो.

फॉरमॅट मारण्याबद्दल तर मी अधिकच कडक आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर सांगलीत कितीतरी माणसे चिखलाने भरलेल्या हार्ड डिस्क पिशवीत घालून आमच्याकडे आली. कोणाचे दुकानाचे हिशेब होते, कोणाचे लग्नाचे फोटो होते, आणि बऱ्याच जणांना रिकाम्या हातांनी परत पाठवावे लागले. ज्याने ते चेहरे पाहिले आहेत, तो एका डीएनएसच्या ओळीसाठी कोणाची डिस्क पुसायला घेणार नाही. विंडोज नव्याने टाकणे खरोखर आवश्यक असते तेव्हा आधी सगळ्या फाइलींची प्रत काढून, ती उघडते आहे हे ग्राहकाला दाखवून, मगच ते काम आम्ही हाती घेतो.

आता वेळेचा आणि पैशांचा मुद्दा. प्रत्यक्ष बदल एका मिनिटाचा होता, हे आपले म्हणणे खरे आहे. त्याआधीचा वेळ दोष कुठे नाही हे ठरवण्यात गेला: केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहणे, प्रॉक्सी (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारे सेटिंग) चालू राहिली आहे का ते पाहणे, कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते पाहणे, कारण मदरबोर्डवरचा सेल उतरून तारीख मागे गेली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतो आणि ग्राहकाला तेही इंटरनेट बंद असल्यासारखेच दिसते. बदल केल्यानंतर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करणे, आणि सीईटी सेलचे संकेतस्थळ आपल्यासमोर उघडून मुलीला लॉग इन करायला लावणे, हेही त्याच वेळात झाले. घरी येऊन दोष शोधण्याचे ५०० रुपये हे आपल्याला फोनवर आधी सांगितले होते, आणि बिलाच्या मागे सहकाऱ्याने काढलेले दोन्ही जुने पत्ते व त्यांऐवजी काय ठेवले ते पेनने लिहून दिले आहे. हे आपण यूट्यूबवर पाहून स्वतः केले असते असे आपण म्हणता, आणि दोष डीएनएसचा आहे हे कळल्यावर आपण ते नक्कीच केले असते. दर आम्ही लावतो तो ते कळेपर्यंतच्या कामाचा.

चार दिवसांनी पडलेल्या खंडाचे कारण वेगळे होते. आपला फोन आला तेव्हा मी स्वतः आपल्याशी बोललो. भिंतीवरच्या, फायबरची वायर येते त्या डब्यावर ‘लॉस’चा दिवा तांबडा आहे का, एवढेच मी प्रथम विचारले, आणि आपण तो तांबडा असल्याचे सांगितलेत. हा दिवा लागतो तेव्हा फायबरमधून येणारा प्रकाश त्या डब्यापर्यंत पोहोचत नसतो. वायर कुठे तुटलेली, दाबली गेलेली किंवा जोडातून सुटलेली असते, आणि घरातल्या कॉम्प्युटरचे कोणतेही सेटिंग बदलून तो दिवा विझत नाही. मोबाईल चालू आहे असे आपण त्या वेळीही म्हणालात, म्हणून मी मोबाईल डेटा बंद करून पाहायला सांगितले. वायफायवर इंटरनेट नसले की पुष्कळ फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात आणि माणसाची दिशाभूल होते. डेटा बंद करताच मोबाईलही थांबला. ती वायर आणि तो डबा कंपनीचा असतो. त्यांना हात लावण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि फायबर जोडण्याचे यंत्रही आमच्याकडे नाही. तरीही मी माणूस पाठवला असता तर आपल्याला आणखी ५०० रुपये पडले असते आणि ‘कंपनीला फोन करा’ हेच उत्तर मिळाले असते. ते फोनवर फुकट सांगणे मला अधिक योग्य वाटले.

बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत तोच दोष पुन्हा आला तर आम्ही शुल्क न घेता येतो. आपली मुदत अजून संपलेली नाही. लॉसचा दिवा विझलेला असेल, डेटा बंद असताना मोबाईल वायफायवर चालत असेल आणि कॉम्प्युटर मात्र चालत नसेल, तर बिल हाताशी ठेवून दुकानाच्या क्रमांकावर फोन करावा. पर्याय अर्जाच्या पुढच्या फेऱ्या सुरू असेपर्यंत अशा घरांचे फोन आम्ही रात्री नऊपर्यंत घेतो, त्यात आपलाही घेऊ.

आपला,
दुकानाचा मालक, सांगली