ग्रेटफुल डेडची रेकॉर्डिंग विकायची नसतात

ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडच्या जुन्या लाइव्ह रेकॉर्डिंगांनी भरलेला पेनड्राइव्ह विकत घेणार का, अशी विचारणा एका संग्राहकाने नुकतीच माझ्याकडे केली. मी स्पष्ट नकार दिला. ही रेकॉर्डिंग आज आपल्या कानांपर्यंत पोहोचतात, ती इतकी वर्षे ती वाटणाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत म्हणूनच, आणि डेडच्या श्रोत्याने तरी याचा विसर पडू देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

हा बँड १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात उभा राहिला आणि १९९५ मध्ये मुख्य गिटारवादक व गायक जेरी गार्सियाच्या निधनानंतर थांबला. दरम्यान त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले. हे वादक खरे रंगायचे ते मंचावर. गाण्यांची निवड रोज निराळी असे, एका गाण्यातून दुसऱ्यात शिरण्याची वाट आयत्या वेळी सापडे, आणि तेच 'डार्क स्टार' एखाद्या रात्री अर्ध्या तासाच्या घरात जाई. रागसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाला या ओढीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. (बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट यांनी तर उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून तालाचे धडे घेतले होते, आणि पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्यांनी अनेक वर्षे वादन केले.)

प्रत्येक रात्र वेगळी, म्हणून ती टिपून ठेवण्यासाठी श्रोते मायक्रोफोन आणि टेपरेकॉर्डर घेऊन सभागृहात येऊ लागले. बँडने बराच काळ त्याकडे काणाडोळा केला आणि ऑक्टोबर १९८४ पासून साउंडबोर्डच्या (मंचावरचे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिश्रण-टेबलाच्या) मागे या टेपर, म्हणजे टेप करणाऱ्या, मंडळींसाठी चक्क स्वतंत्र जागा राखून ठेवली. प्रती खुशाल वाटा, पण विकू नका, एवढीच अपेक्षा होती. बदल्यात देण्यासारखे काही जवळ नसलेल्या नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपाल हशील पाठवायचे, आणि समोरच्याने दोन कॅसेट डेक जोडून त्याला प्रती काढून द्यायच्या, असा रिवाज होता. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते आणि डेडच्या कार्यक्रमाचा उत्तरार्ध त्याहून बराच लांबतो. त्यामुळे ऐन कार्यक्रमात टेपरची नजर उरलेल्या फितीवर असे, आणि दोन गाण्यांमधली फट मिळताच तो कॅसेट उलटत असे. फट मिळाली नाही, तर सूर मध्येच तुटलेला आजही ऐकू येतो. अशी रेकॉर्डिंग मला अधिक प्रिय आहेत, कारण त्यांत सभागृहाची हवा भरलेली असते.

८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी तो थेट साउंडबोर्डवरून अप्रतिम टिपला होता. पुढे साठवणीच्या जागेचे भाडे थकल्यामुळे त्यांच्या फितींचा साठा १९८६ साली लिलावात निघाला आणि अनोळखी लोकांच्या हाती गेला. त्यांतल्या काहींनी प्रती काढू दिल्या म्हणून ती रात्र जगभर ऐकली गेली, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०११च्या यादीत स्थान दिले, आणि अधिकृत आवृत्ती मात्र निघाली २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल ४० वर्षांनी. तोवर 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये होणारा त्या रात्रीचा प्रवेश चाहत्यांना तोंडपाठ झाला होता.

नोव्हेंबर २००५ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरून डेडची रेकॉर्डिंग उतरवून घेणे बंद झाले, तेव्हा चाहते खवळले आणि बासवादक फिल लेश यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. अखेर श्रोत्यांनी केलेली रेकॉर्डिंग पुन्हा मोकळी झाली आणि साउंडबोर्डची केवळ ऐकण्यापुरती उरली. साउंडबोर्डवर बँडचा हक्क आहे आणि ही तडजोड मला न्याय्य वाटते; मात्र तो हक्क बँडचा आहे, मधल्या विक्रेत्याचा मुळीच नाही.

वाटणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळायला हवीत. तारीख, सभागृह आणि मूळ फीत कोणती याची नोंद फाइलींसोबत जशीच्या तशी जाऊ द्यावी, फ्लॅकचे (आवाजातले काहीही न गमावणाऱ्या फाइलीचे) एमपीथ्री करून पुढे ढकलू नये, आणि खरखर काढण्याच्या नादात झांजांची धार बोथट करू नये. माझ्याकडे १९७७च्या वसंतातल्या दौऱ्यातली, श्रोत्यांनी केलेली काही रेकॉर्डिंग नोंदींसह आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी रिकामी हार्ड डिस्क घेऊन यावे.