पैसे घेताना सगळे हजर, इंटरफेस गायब झाला की कोणीच नाही

डोकं फिरलंय नुसतं. ऑडिओ इंटरफेस म्हणजे यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची ती डबी, तिला काम काय असतं सांगा मला, माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवायचा आणि कॉम्प्युटरचा आवाज हेडफोनपर्यंत, बस. आणि तेवढंच होत नाहीये. दिवा चालू असतो, केबल घट्ट असते, आणि मधेच सॉफ्टवेअर सांगतं की डिव्हाइस सापडत नाही. अरे समोर आहे ना टेबलावर, दिसतंय मला!

घरी रेकॉर्डिंग करणं म्हणजे मुंबईत आधीच काय दिव्य असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आमच्या कांदिवलीत चारकोपला दर दोन गल्ल्या सोडून रीडेव्हलपमेंट चालू आहे, ड्रिलिंग थांबलं की मिक्सर, मिक्सर थांबला की भंगारवाला, तो गेला की वरच्या मजल्यावर फर्निचर सरकतं. शांततेचा तासभर मिळावा म्हणून मी रविवारची दुपार धरते, खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिजचंही बटण बंद, घाम गळतोय आणि तसंच गायचं. हे सगळं मी आनंदाने करते, त्याबद्दल तक्रारच नाही माझी. पण एवढं सगळं जुळवल्यावर मशीनने दगा द्यायचा?

गेल्या रविवारी एका भावगीताच्या डेमोसाठी तबल्याला आमचे काका आले होते. डोंबिवलीहून, दादरला गाडी बदलून, तबला-डग्ग्याची बॅग खांद्याला लावून, या वयात. पावसाळी हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरात उतरते, तर त्यांनी आल्या आल्या हातोडी घेऊन शांतपणे तबला काळी चारच्या पट्टीला लावला, जरा वेळाने परत तपासला, मग टेक घेतला. दुसऱ्या अंतऱ्यानंतर त्यांनी जी लग्गी, म्हणजे ठेक्याची ती नाचरी द्रुत वळणं, धरली ना, मी गाताना हसायला लागले इतकी सुंदर, आणि समेवर यायच्या आधी हेडफोन बंद. स्क्रीनवर रेषा सपाट. काका म्हणाले होऊ दे गं, परत घेऊ. परत घेतलं, परत तेच. ती लग्गी त्यांना तशी परत वाजवता येईल का हो? ती त्या क्षणाची असते. ती गेली. आणि ती का गेली तर कॉम्प्युटरला वीज वाचवायची होती!

हो, खरंच हे कारण आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणून एक सेटिंग असतं, यूएसबीला लावलेली वस्तू रिकामी वाटली की तिला झोपवायचं. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या, म्हणजे ज्यावर कॉम्प्युटरचे पोर्ट चालतात त्या आतल्या भागाच्या, नोंदीत पॉवर मॅनेजमेंटचा वेगळा टॅब, तिथे वेगळी टिक. एकीकडे बंद केलं म्हणून दुसरीकडे बंद झालं असं नाही. बॅटरीसाठी वेगळं, चार्जर लावल्यावरचं वेगळं. हे मला सांगितलं कोणी? ना दुकानदाराने, ना इंटरफेसच्या खोक्यातल्या त्या चिटोऱ्याने. आणि मी शोधून, एकेक टिक काढून ठेवली तर मोठं अपडेट आलं आणि टिका परत जागेवर! माझ्या कॉम्प्युटरमध्ये मी केलेला बदल मला न विचारता कोण उलटवतं?

आता चार्जरचंच बघा. आमची बिल्डिंग जुनी, सॉकेटला तीन भोकं आहेत पण अर्थिंग नावालाच. चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ असा हम येतो, मेन्सचा ५० हर्ट्झचा, तानपुऱ्याच्या मागे तो अगदी स्पष्ट ऐकू येतो. म्हणून सगळे सांगतात की टेकच्या वेळी चार्जर काढा. काढला. हम गेला. पण चार्जर काढला की लॅपटॉप बॅटरीवर जातो, बॅटरीवर गेला की वीज वाचवायला लागतो, आणि वीज वाचवायला लागला की इंटरफेस तुटतो. म्हणजे हम हवा की खंड हवा ते तुम्ही ठरवा!

त्यात यूएसबी २ चा पोर्ट देतो ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर. तेवढ्यातच इंटरफेसने स्वतःही चालायचं आणि कंडेन्सर माइकला चालायला लागते ती ४८ व्होल्टची फँटम पॉवरही माइकच्याच केबलमधून बनवून द्यायची. दोन माइक लावले की ताण येणारच. मग पोर्ट तरी धड द्या, पण नाही, लॅपटॉप बारीक करायचा म्हणून दोनच पोर्ट ठेवायचे, एकात माउस, दुसऱ्यात साधा हब, आणि त्या हबमध्ये तेच ५०० सगळ्यांनी वाटून घ्यायचे. केबलचा वेगळाच छळ. बाजारातल्या कित्येक केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. त्यावर छापायला काय जातं यांचं?

सल्ले देणारे तर डोक्यात जातात. बफर, म्हणजे आवाज थोडा थोडा साठवून पुढे द्यायची जागा, वाढव म्हणे. अहो बफर कमी पडला तर टकटक येते, खरखर येते, डिव्हाइस गायब होत नाही! आणि १०२४ सॅम्पलचा बफर ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूलाच २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो, जाऊन-येऊन दुप्पट, सॉफ्टवेअरमधून स्वतःचं ऐकत तबलजीने द्रुत लयीत वाजवायचं कसं त्यावर? सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, बदलून बघ हा दुसरा. फाइल ४८ ची आणि इंटरफेस ४४.१ वर अडकला तर सूर जवळपास दीड पट्टीने खाली येतो, काळी चारचं गाणं काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे कुठेतरी लोंबकळतं. तेही झालंय एकदा असं जोडता-तोडता.

आणि मग सर्व्हिसवाले. इंटरफेसच्या कस्टमर केअरला फोन केला तर ड्रायव्हर काढून परत टाका, केबल बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. दुसरा कॉम्प्युटर कुठून आणू मी? लॅपटॉपवाल्यांकडे गेले, पेनड्राइव्ह लावून दाखवला, बघा मॅडम चालतोय, तुमच्या ऑडिओचं आमच्याकडे नाही. लॅमिंग्टन रोडला जिथून इंटरफेस घेतला तिथे म्हणाले सात दिवस होऊन गेले, आता कंपनीशी बोला. कंपनी परत म्हणते लॅपटॉप. असं तिघांनी मला तीन दिशांना फिरवलं आणि प्रत्येकाने बोलताना आवाजात असा भाव ठेवला की या बाईला काही कळत नाही. सगळं कळतंय मला! मीच तुम्हाला सांगतेय की रूट हब झोपतोय म्हणून!

असिओ, म्हणजे सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांना कमी उशिरात जोडणारी ड्रायव्हरची पद्धत, १९९७ पासून आहे. यूएसबी २ सन २००० पासून. यूएसबीवरच्या ऑडिओ वस्तूंसाठीच्या क्लास २ या मानकाचा विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ ला आला. म्हणजे हे काही काल जन्मलेलं तंत्र नाही, की अजून शिकतायत बिचारे. रेकॉर्डिंग चालू असताना त्या पोर्टला हात लावायचा नाही, एवढं साधं कॉम्प्युटरला कळू नये? इंटरफेसच्या ड्रायव्हरने इन्स्टॉल होतानाच विचारावं, वीज बचत बंद करू का, एक बटण. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहावं की किती करंट लागतो, हब चालेल की नाही, कुठली केबल. खोक्यावर गिटार घेऊन उडी मारणाऱ्या पोराचा फोटो छापायला जागा आहे, याला नाही?

शेवटी त्या केअरवाल्या मुलाने काय सुचवलं माहितीये, वेगळा अडॅप्टर असलेलं वरचं मॉडेल घ्या, त्यात हा प्रॉब्लेम येत नाही. म्हणजे येतो हे माहीत होतं तुम्हाला! मग हे विकलंत कशाला? काकांना परत डोंबिवलीहून बोलवायचंय मला, त्यांना काय सांगू, महागाचं घेईपर्यंत थांबा?